पाळण्यापर्यंतची रांग



 

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय 'स्वमग्न मुलं आणि करमणुकीची ठिकाणं'. दीपनगरच्या या सभागृहात आत येताना एका काकांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "ताई, या पोरांना धड शाळा मिळत नाही, तालुक्याला डॉक्टर मिळत नाही, आणि तुम्ही त्यांना पाळण्यात बसवायच्या गोष्टी करताय?" प्रश्न रास्त आहे. काका समोरच बसलेत, म्हणून आधी त्यांनाच उत्तर देते.

काका, मी विशेष शिक्षिका आहे. या जिल्ह्यातल्या आईवडिलांशी रोज बोलणं होतं. शाळेची तक्रार ते करतातच, पण चहा झाला, बोलणं जरा सैल झालं, की दुसरीच गोष्ट निघते. "आम्ही कुठे जातच नाही हो." लग्नाला नवरा जातो, बायको घरी थांबते, पुढच्या लग्नाला ती जाते, तो थांबतो. जत्रेला थोरल्या मुलीला काका घेऊन जातो. दिवाळीच्या सुट्टीत शेजारपाजारचे फिरून येतात, फोटो दाखवतात, आणि हे लोक ते फोटो पाहतात. घरात एक मूल स्वमग्न असलं की अख्ख्या घराची सुट्टी दाराआड जाते. बहीण-भावाचीही, आजीचीही. शाळेसाठी निदान भांडता तरी येतं. "माझ्या पोराला आकाशपाळण्यात बसायचंय" म्हणून भांडायला गेलं तर लोक हसतात. म्हणून आज त्याच्यावर बोलायचं.

आणि थीम पार्क म्हणजे तरी आपल्याकडे काय? मुंबईकडचे लोक १९८९ सालापासून गोराईच्या एस्सेलवर्ल्डचं नाव घेत आले. २०१३ मध्ये खोपोलीला इमॅजिका सुरू झालं, आता आपल्याकडच्याही शाळांच्या सहली तिकडे जातात. पण तुमच्यातले पस्तिशी-चाळिशीतले जे आहेत, त्यांना थीम पार्क म्हटल्यावर शेगावचं जुनं आनंदसागरच आठवेल, ती झुकझुकगाडी, ते तळं. आणि त्याच्याही आधी आठवेल ती जत्रा. धुळ्याची एकवीरादेवीची, सारंगखेड्याची घोड्यांची, अमळनेरची सखाराम महाराजांची, मुक्ताईची. खानदेशाचं थीम पार्क चाकांवर येतं, पंधरा दिवस राहतं आणि पुढच्या गावाला जातं. मी आज दोन्हींबद्दल बोलणार आहे. तीन गोष्टी सांगते: पहिली आवाजाची, दुसरी रांगेची, तिसरी दारावरच्या माणसाची. दुसरीला वेळ जास्त लागेल, आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, आवाज.

या सभागृहात निम्मे लोक तरी इथल्या वीज केंद्रात काम केलेले असतील. टर्बाइन हॉलमध्ये जाताना तुम्ही कानाला काय लावता? इअर मफ. नाहीतर कानात बोळे. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलच्या वर आवाज कानावर पडू द्यायचा नाही, असा कारखान्यांचा नियम आहे. आता मला सांगा, इअर मफ लावलेल्या ऑपरेटरला कुणी म्हणतं का, "बघा, याला सवलत मिळाली"? कुणी म्हणतं का, "याच्या आईनं याला लाडावून ठेवलंय, जरा सवय होऊ दे"? नाही म्हणत. कारण तिथला आवाज तुम्हा-आम्हा सगळ्यांना सहन होत नाही. सगळ्यांना सहन होत नाही तेव्हा तो सुरक्षेचा नियम ठरतो, आणि एकट्यालाच सहन होत नाही तेव्हा ते त्याचं नखरेलपण ठरतं.

स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना साधा मिक्सर, कुकरची शिट्टी, हात वाळवायच्या यंत्राचा फर्राटा टर्बाइनसारखा ऐकू येतो. सगळ्यांना नाही, काहींना उलट मोठा आवाज हवासा वाटतो, काहींना आवाजाचं काही नसतं पण ट्यूबलाइटचं लुकलुकणं छळतं, काहींना अंगाला घासणारा परका शर्ट नको वाटतो. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणं लिहून ही अवस्था जगापुढे मांडली, तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट पक्की झालीय की एका स्वमग्न मुलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. हा आजार नव्हे, साथ नव्हे, आईच्या वागण्याचा परिणाम तर मुळीच नव्हे. मेंदूची जडणघडण वेगळी असते, एवढंच आत्ता धरून चला.

मग जत्रेत काय होतं? जनरेटर चालू. टोराटोरावर एक गाणं, ब्रेक डान्सवर दुसरं, मौत का कुआँमध्ये मोटारसायकलचं सायलेन्सर काढलेलं, भोंग्यावर हरवलेल्या मुलांची नावं, पिपाण्या, आणि या सगळ्यावर झगमग दिवे. तुमच्या-माझ्या मेंदूला एक खोड आहे, नको ते तो आपोआप मागे सारतो. या मुलाच्या मेंदूला ते जमत नाही. सगळंच एकदम, सारख्याच जोराने आत येतं. मग तो कान दाबतो, खाली बसतो, किंचाळतो, स्वतःच्या हाताला चावतो. आजूबाजूला कडं जमतं. "याले काय झालं, भो?" कुणी म्हणतं, बाहेरचं आहे. कुणी म्हणतं, एक ठेवून द्या, सरळ होईल. हा हट्ट नाही हो. हट्ट करणारं मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, आई बघतेय का म्हणून. या मुलाला त्या क्षणी आईही दिसत नसते.

(मागच्या बाजूला एक लहान मुलगा उठून फेऱ्या मारतोय, आणि त्याच्या आईला फार अवघडल्यासारखं झालंय. ताई, त्याला फिरू द्या. मला काहीही त्रास होत नाहीये. आणि साउंडवाले भाऊ, तो उजवीकडचा स्पीकर जरा खाली घेता येईल का? ... हं, बरं वाटलं. बघा, एवढंच असतं ते.)

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लँगहॉर्न गावी सेसमी प्लेस नावाचं मुलांचं पार्क आहे. शेजारच्या न्यू जर्सीत आपली खानदेशातली पुष्कळ मुलं नोकरीला आहेत, त्यांच्याकडे जाऊन आलेल्या आजी-आजोबांनी ते कदाचित पाहिलंही असेल. २०१८ मध्ये 'प्रमाणित ऑटिझम केंद्र' असा दर्जा मिळवणारं ते जगातलं पहिलं थीम पार्क ठरलं. त्यांनी काय केलं? कर्मचाऱ्यांना शिकवलं, शांत खोल्या काढल्या, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक पाळण्यापाशी एक पाटी लावली. स्पर्श, चव, आवाज, वास, दृश्य, या पाचांचा या पाळण्यात किती मारा होतो ते १ ते १० आकड्यांत त्या पाटीवर लिहिलेलं असतं. आई घरूनच ठरवून येते की हा चालेल, तो नको. हिशेब करा. त्या पाटीला खर्च किती? रंगाचा डबा आणि एक दुपार.

दुसरी गोष्ट, रांग.

खरं दुखणं इथे आहे. आवाजावर कानाला मफ लावता येतो, रांगेवर काय लावणार? पाळण्याला लागतात तीन मिनिटं आणि रांगेला तास-दीड तास. लोखंडी कठड्यांमध्ये पुढचा माणूस अंगावर, मागचा माणूस अंगावर, परतीची वाट नाही. आणि किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नाही. स्वमग्न मुलाला बहुधा वाट पाहणं जमतं. 'चित्रातल्या या तीन गोष्टी झाल्या की पाळणा' असं दाखवलं तर ते कित्येकदा आपल्यापेक्षा शांतपणे वाट पाहतं. त्याला जमत नाही ते बिनमुदतीचं, गर्दीत चेंगरून वाट पाहणं.

यावर डिस्नेच्या उद्यानांमध्ये जे घडलं ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यात आपल्याला उद्या पडणारे सगळे प्रश्न आधीच पडून गेलेत. पूर्वी तिथे दिव्यांग पाहुण्याला एक कार्ड मिळायचं. ते दाखवलं की बहुतेक ठिकाणी फारसं न थांबता आत जाता यायचं. स्वमग्न मुलांच्या घरांना तो मोठाच आधार होता. मग २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत बातमी आली की तिथली काही श्रीमंत कुटुंबं तासाच्या हिशेबाने पैसे मोजून एखाद्या दिव्यांग व्यक्तीला 'मार्गदर्शक' म्हणून बरोबर घेतात आणि तिच्या कार्डावर रांग चुकवतात. हसू नका, आपल्याकडे दाखले कसे काढले जातात ते आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुनं कार्ड बंद केलं आणि नवी पद्धत आणली. रांग एक तासाची असेल तर तुम्हाला एका तासानंतरची वेळ मिळणार. तेवढा वेळ तुम्ही झाडाखाली बसा, खा, फिरा, पण रांगेत उभं राहू नका; वेळ झाली की या.

म्हणजे वाट तीच, जागा वेगळी. मला स्वतःला ही कल्पना फार न्याय्य वाटते. पण सगळ्या पालकांना ती पुरली नाही. २०१४ मध्ये काही कुटुंबं न्यायालयात गेली. त्यांचं म्हणणं असं की आमच्या काही मुलांना वेळ ही कल्पनाच कळत नाही, आणि ठरलेल्या क्रमानेच, ठरलेल्या पाळण्यांतच ती बसतात. त्यांच्यासाठी झाडाखालचा एक तास आणि रांगेतला एक तास सारखाच असह्य आहे. डिस्नेचं म्हणणं, सगळ्यांना लगेच आत सोडलं तर बाकीच्यांची रांग हाताबाहेर जाईल. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने कनिष्ठ न्यायालयाला खडसावलं, की पुरावा न ऐकता तुम्ही खटला निकालात काढू शकत नाही. पुरावा ऐकला गेला, आणि २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने लागला. पुढे २०२४ मध्ये डिस्नेने ही सोय मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक दिव्यांगत्वापुरती आवळली. मग ज्यांना वेगळ्या दुखण्यांमुळे रांगेत उभं राहता येत नाही ते लोक ओरडू लागले, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं.

आता या गोष्टीत खलनायक कोण? मला तर एकही सापडत नाही, कार्ड भाड्याने घेणारे सोडले तर. सोय करायची म्हटली की ती कुणाला, किती, आणि कुणाच्या जिवावर, हे प्रश्न येतातच. ते आले म्हणून सोयच नको म्हणणारे लोक मला समजत नाहीत.

आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "रांग म्हणजे रांग. सगळ्यांना सारखी." खरंच? त्र्यंबकेश्वरला २०० रुपये भरले की वेगळ्या दाराने दर्शन होतं. मोठ्या पार्कांत जादा पैसे भरले की 'एक्सप्रेस' तिकीट मिळतं. डिस्नेनेही २०२१ पासून रांग टाळायचे पैसे घ्यायला सुरुवात केली, आधी ती सोय तिकिटातच होती. आमदारसाहेबांची गाडी आली की रांग कुठे जाते ते आपण पाहतोच. म्हणजे पैशासाठी रांग वाकते, पदासाठी वाकते, ओळखीसाठी तर जमिनीलाच टेकते. ताठ उभी राहते ती नेमकी या पोराच्या पुढ्यात.

आणि दुसरी बाजूही सांगते. रांगेला पर्याय काढणं हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायचं नाही. पंढरपूरला पदस्पर्श दर्शनाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला तासन्‌तास उभं राहता येत नाही तो मुखदर्शन घेतो, ज्याला तेही जमत नाही तो कळसाला हात जोडतो आणि त्याची वारी पूर्ण झाली असं आपणच मानतो. शिर्डीला वृद्ध आणि दिव्यांगांसाठी वेगळं दार आहे. चैत्रात खानदेशातून पायी वणीला जाणाऱ्यांच्या झुंडी तुम्ही पाहता. त्या सप्तशृंगगडावर पायऱ्या चढता न येणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये रोपवेची ट्रॉली सुरू झाली. पाय नसणं आपल्याला दिसतं, म्हणून आपण ट्रॉली बांधली. कानातला कल्लोळ दिसत नाही. या मुलाचे हातपाय धड, चेहरा गोड, उंची वयाप्रमाणे. मग लोक आईकडे बघतात.

हे न दिसणं कसं ओलांडायचं, यावर लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये एक युक्ती काढली: हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलं. ज्याला वाटेल त्याने तो पट्टा गळ्यात घालायचा. कर्मचाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की या माणसाला जरा वेळ द्यावा, घाई करू नये. कोणतं दिव्यांगत्व, किती टक्के, हे विचारायचं नाही. आता ती युक्ती पुष्कळ देशांत पसरलीय. काही आया मला म्हणतात, "माझ्या पोराच्या गळ्यात पाटी नको." त्यांचंही बरोबर आहे. म्हणून तो पट्टा ज्याच्या-त्याच्या मर्जीचा हवा.

तिसरी गोष्ट, दारावरचा माणूस. आणि त्याच्यासोबत कायदा.

आपल्याकडे १९९५ चा दिव्यांगांचा कायदा होता, त्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि सातचे एकवीस प्रकार झाले, त्यांत स्वमग्नता आहे. या कायद्यात सार्वजनिक सेवा कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे. शिक्षण, बँक, दवाखाना, प्रवास यांच्याबरोबर धार्मिक, सांस्कृतिक, विरंगुळ्याच्या आणि करमणुकीच्या सेवा असंही तिथे स्पष्ट लिहिलंय. देवळाची रांग आली, पाळण्याची आली. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, त्याने नियम झाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी करायची होती. नियम जून २०१७ चे. म्हणजे मुदत कधी संपली ते तुम्हीच मोजा.

या कायद्यातली आणखी एक कल्पना पालकांनी नीट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे 'वाजवी सोय'. समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता, या एका माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून केलेला आवश्यक तो फेरफार. आता इथे गंमत बघा. आपल्या जिल्ह्यात आईबाप ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी वर्ष-वर्ष खेटे घालतात. नोकरीतल्या राखीव जागांसाठी तो ४० चा आकडा लागतो, खरं आहे. पण वाजवी सोयीसाठी कायद्याने तो आकडा घातलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्या उमेदवाराचा हात लिहिताना आखडायचा, ४० टक्क्यांत तो बसत नव्हता, तरी त्याला लेखनिक मिळालाच पाहिजे असं न्यायालय म्हणालं. दाखला जरूर काढा, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र जरूर काढा, पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतं. पण पाळण्यापाशी "चाळीस टक्के आहे का?" असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न तिथला नव्हे, एवढं माहीत असू द्या.

कायदा दिल्लीत होतो आणि दारावर उभा असतो विशीतला एक मुलगा. कंत्राटी, बारा तासांच्या पाळीचा, त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. त्याला फक्त एवढंच सांगितलंय, की गडबड झाली तर नोकरी जाईल. त्याच्यासमोर एक मूल हात फडफडवतंय, किंचाळतंय. तो काय करील? "नको" म्हणेल. नको म्हणण्यात त्याचा बचाव आहे. आणि ते तो कुणाच्या नावाने म्हणेल? इतरांच्या सोयीच्या, सुरक्षेच्या.

मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर अगदी हेच झालं. एक दिव्यांग मुलगा घाबरला होता, अस्वस्थ होता. इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी त्याला विमानात चढू दिलं नाही, इतर प्रवाशांच्या सुरक्षेचं कारण देऊन. त्याच विमानातले प्रवासी, त्यांच्यातले डॉक्टर, कुटुंबाच्या बाजूने बोलत होते. ज्यांच्या नावाने अडवलं तेच म्हणत होते, आम्हाला काही अडचण नाही. पुढे विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि नियम बदलला: आता दिव्यांगत्वाच्या कारणावरून कुणाला परत पाठवायचं असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरचं मत आधी घ्यावं लागतं. त्याआधी जीजा घोष यांना स्पाइसजेटच्या विमानातून उतरवलं गेलं होतं, २०१२ मध्ये. मेंदूचा पक्षाघात असलेल्या या कार्यकर्तीला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये १० लाखांची भरपाई द्यायला लावली. दोन्ही वेळी चूक झाली ती दारावरच्या माणसाच्या एका क्षणाच्या निर्णयात. म्हणून निर्णय त्या क्षणावर सोडायचाच नसतो. आधी लिहून ठेवायचा असतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पाळण्याच्या सुरक्षेच्या अटी खऱ्या असतात. उंची कमी असेल, पट्टा बसत नसेल, मधेच उठून उभं राहायची सवय असेल, तर नाही म्हणणं योग्य. पण ते पाळण्याकडे बघून म्हणायचं, मुलाच्या चेहऱ्याकडे बघून नाही.

आता एक पाहिलेलं सांगते. तापीकाठच्या एका गावची जत्रा. मी एका कुटुंबासोबत गेले होते, मुलगा नऊ-दहा वर्षांचा, बोलत नाही. दुपार उतरत होती, उन्हं कडक, गर्दी अजून यायची होती. हा मुलगा आकाशपाळण्यापाशी जाऊन थांबला आणि फिरणाऱ्या चाकाकडे एकटक बघू लागला. पाळणेवाला पन्नाशीचा, बनियनवर, तोंडात तंबाखू. आईने घाबरतच सांगितलं, की हा असा-असा आहे. तो म्हणाला, "आमच्या गावाकडे भावाचा पोरगा आहे असाच." मग त्याने काय केलं? आधी गाणं बंद केलं. मग चाक रिकामं, हळू, दोन फेऱ्या फिरवून दाखवलं. मुलगा प्रत्येक खोका खाली आला की बोट करायचा. पाळणेवाल्याने ते हेरलं. निळा खोका खाली आला तेव्हा बोट जोरात हललं होतं. त्याने निळा खोका खाली आणून थांबवला, आणि काही न बोलता दांडी उघडून उभा राहिला. "बस" म्हणाला नाही, हात धरला नाही. बरीच मिनिटं तसाच. मागे चार पोरं खोळंबली होती, त्यांना म्हणाला, "थांबा रे, याचं बघणं होऊ द्या." मुलगा स्वतःहून जाऊन बसला. आई शेजारी. एकच फेरी, संथ. उतरताना तो हसला वगैरे नाही, परत चाकाकडे बघत राहिला.

सेसमी प्लेसवाल्यांनी जे प्रशिक्षण देऊन केलं, ते या माणसाने बनियनवर केलं: आवाज कमी, आधी दाखवणं, मुलाच्या चालीने वाट पाहणं. पण मला त्याचं कौतुक करून थांबायचं नाही. कारण त्याच्या भावाचा पोरगा तसा नसता तर? त्याच मुलाची आई रात्रीच्या गर्दीत आली असती तर? चांगला माणूस भेटणं हा योग झाला. योगावर सुट्टी काढता येत नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती डिस्नेकडे नाही. या सभागृहात ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, यात्रा समित्यांची मंडळी आहेत, मला पत्रिकेवरून कळलं. जत्रेआधी तुम्ही पाळण्यांच्या जागांचा लिलाव करता. लिलावाच्या अटी आधी लिहून वाचून दाखवता: भाडं किती, वीज कुणाची, किती वाजता बंद. त्या कागदावर एक अट वाढवा. जत्रेच्या प्रत्येक दिवशी दुपारी चार ते पाच पाळणे चालतील पण भोंगे आणि गाणी बंद राहतील, लुकलुकते दिवे बंद राहतील, आणि त्या तासात स्वमग्न किंवा दुसरं कोणतंही दिव्यांगत्व असलेलं मूल आलं तर पाळणा आधी रिकामा फिरवून दाखवला जाईल. बाकीची मुलंही त्या तासात येऊ देत. कुणाला बाहेर ठेवायचं नाही, फक्त आवाज बाहेर ठेवायचा. रात्री आलेल्या कुटुंबाला डिस्नेसारखी वेळेची चिठ्ठी द्या, 'पाऊण तासाने या'. चिठ्ठीला कागद लागतो आणि एक पेन. देवळामागे किंवा शाळेच्या वर्गात एक खोली उघडी ठेवा, पंखा, पाण्याचा माठ, दोन सतरंज्या. पाटी लावा 'शांत खोली', आणि तिथे समितीची खुर्च्या-टेबलं रचू नका म्हणजे झालं.

पाळणेवाला म्हणेल, तासभर गाणं नाही तर गिऱ्हाईक येत नाही, माझं नुकसान कोण भरणार? बरोबर आहे, त्याच्या पोटावर पाय देऊन हे करायचं नाही. दुपारी चारला खानदेशात, तेही चैत्र-वैशाखात, त्याचं गिऱ्हाईक तसंही झाडाखाली झोपलेलं असतं. पण तरी तो म्हणेल, आणि त्याने म्हणावं. तर प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे जातात, तुम्हाला माहीत आहे; बऱ्याच ठिकाणी मार्चअखेरीस घाईने वाटून मोकळे होतात. त्यातून त्या एका तासाचं भाडं माफ करा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. कुणी हरकत घेतली, की करमणुकीवर हा पैसा कसा, तर कायद्यातली ती व्याख्या वाचून दाखवा. मी कागद घेऊन आलेय, खाली टेबलावर प्रती ठेवल्यात, जाताना न्या.

आणि काका, तुम्हीही एक घ्या. शाळेसाठी भांडताना मी तुमच्यासोबत आहेच, त्याची तारीख तुम्ही सांगा.